कबुतरांची मान आणि आमची जाळी

मंडळी, कबुतरांना टाळून फक्त चिमण्यांना दाणे मिळावेत म्हणून केलेल्या आमच्या फीडरच्या पिंजऱ्यात अखेर चिमण्या शिरल्या! काल सकाळी एक चिमणा, गळ्याखाली काळा डाग आणि रुबाब ठाणेदाराचा, जाळीच्या चौकोनातून सरळ आत गेला आणि बाजरीवर तुटून पडला. त्याच्यामागून दोन माद्या. बाहेर सज्ज्यावर कबुतरं नुसतीच घुमत होती. आमची पोट्टे कंपनी स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून उभी, आणि खाली शाळेची व्हॅन हॉर्न वाजवून थकली.

आमचं आधीचं मॉडेल म्हणजे दाण्यांच्या बाटलीत आरपार खुपसलेले लाकडी चमचे. त्या चमच्यावर चिमणी बसते तसं कबुतरही बसतं. चिमणीचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम, कबुतराचं तीनशेच्या आसपास. चमचा कलतो, दाणे घरंगळतात आणि खाली उरलेल्या कबुतरांची पंगत बसते. चमचे बोटभर ठेवून पाहिले, तर पठ्ठे पंख फडफडवत लटकून खायला लागले. म्हणून दोन इंची चौकोनांच्या वेल्डमेशचा, म्हणजे जोडावर वेल्डिंग केलेल्या तारेच्या जाळीचा, पिंजरा केला आणि मधोमध थाळी ठेवली. चिमणी आरामात जाते, कबुतराचं अंग जात नाही.

अंग जात नाही, पण मान जाते ना! थोरल्याने पहिल्याच संध्याकाळी बातमी आणली, "आई, ते तर बाहेरूनच खाऊन रायलं!" जाळी थाळीपासून जेमतेम तीन बोटांवर होती. उलट जाळीला पंजे रोवून उभं राहायची त्याची उत्तम सोय झाली होती.

इथे धाकटीचं डोकं चाललं. तिने जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून मान ताणलेलं कबुतर कापलं, माप खिडकीवरच्या खऱ्या कबुतराकडे बघून घेतलं. ते जाळीतून आत घालून चोच पोचते तिथे पेन्सिलीने खूण केली. साडेचार इंच! आता थाळी आणि जाळी यांत चारही बाजूंनी सहा इंच मोकळे सोडलेत, त्यामुळे पिंजरा दीड फुटी झाला. बोजड दिसतो, पण आमच्या घरात सध्या त्या पुठ्ठ्याच्या कबुतराचं मत अंतिम मानलं जातं.

जाळी नागपूरच्या इतवारीतून, लोहाओळीतून आणली. बहुतेक जण पूर्ण बंडलाखाली बोलत नाहीत, तुकडा मिळेपर्यंत चार दुकानं हिंडावी लागतात. एक इंची जाळी कुणी गळ्यात मारू पाहील, घेऊ नका, त्यातून चिमणी जात नाही. कापलेली टोकं कानसून आत वळवा. हे काम मोठ्यांचं. मुलांना बाईंडिंग तार पिळायला द्या, त्यात ती रमतात. आणि ग्लू गनने चिकटवलेलं काहीही नागपूरच्या मे महिन्यात उन्हात टांगू नका, गोंद मऊ होऊन सगळं सुटतं.

पिंजरा जिंकला तरी खालची पंगत सुरूच होती. चिमण्या आतून दाणे उडवत होत्या. मुलांनी एका थाळीत बाजरी, राळा, ज्वारी, तांदळाची कणी असं सगळं मिसळलं होतं. चिमणीला हवा तो बारीक दाणा ती निवडते, नको तो चोचीने भिरकावते. ज्वारी खाली पडली की कबुतरांची चैन. आता फक्त बाजरी, तीही सकाळी मूठभर, आणि थाळीला दीड इंच काठ. खाली जवळजवळ काहीच पडत नाही. पोळीचे तुकडे, शिळा भात बंद केल्यापासून साळुंक्याही फिरकत नाहीत, कोरड्या बाजरीत त्यांना रस नाही. साळुंक्या गेल्याचं धाकटीला जरा वाईट वाटलंय.

20 मार्चला चिमणी दिन येतोय, म्हणजे दुकानांत रंगीत प्लास्टिकचे फीडर येतील. भोवती रुंद कडं असलेला घेऊ नका, ते कडं कबुतरासाठीच असतं. मुलांना निवडू द्यायचं असेल तर रंग दाखवायच्या आधी एकच विचारा: हा उघडून आतून घासता येतो का? पावसाळ्यात ओल्या दाण्यांना बुरशी धरते. न उघडणारा फीडर तेव्हा टाकूनच द्यावा लागतो.

खार अजून बाकी आहे. तिला दोन इंच म्हणजे हमरस्ता, आणि टांगलेली सुतळी ती कुरतडते. सुतळीच्या जागी तार आलीय; खार घसरावी म्हणून वर उलटी परात टांगायचा विचार आहे. आणि पिंजऱ्याचं म्हणाल तर हे लिहिता लिहिता माळ्यावरचा जुना फर्राटा, म्हणजे जोरात फिरणारा उभा पंखा, आठवला. त्याच्या दोन जाळ्या तोंडाला तोंड लावल्या आणि तारा एकाआड एक कापल्या तर आयता गोल पिंजरा! धाकटीला दाखवलं, तिने पुठ्ठ्याचं कबुतर आणलं आणि समोरून आरामात थाळीपर्यंत पोचवलं. खोली कमी पडते. मग दोन जाळ्यांमध्ये वेल्डमेशची फूटभर पट्टी घालायची? बहुतेक तसंच करणार. पाण्याचा मातीचा परळ मात्र वेगळा, सावलीत, फीडरपासून लांब. रोज घासून पाणी बदलायचं काम थोरल्याकडे.

आणलेली बरीच जाळी उरलीय. धरमपेठ-गोकुळपेठ भागात कुणाला दोन इंची चौकोनांच्या जाळीचा तुकडा हवा असेल तर सांगा, कापून ठेवते. बदल्यात जुन्या फर्राट्याची आणखी एक जाळी चालेल.