तुम्ही विचारलंत म्हणून: इतके देश लक्षात कसे ठेवायचे?

एफ.वाय.ला जगाचा प्रादेशिक भूगोल घेतलेली मुलं-मुली हा प्रश्न हटकून विचारतात. इतके देश, राजधान्या, नद्या, पिकं, खनिजं. पाठ करायचं तरी किती? माझं उत्तर एकच असतं. यादी मिटून ठेवा. एक खंड घ्या, त्यावरचं एक अक्षवृत्त निवडा आणि वारा कुठून येतो, कुठे अडतो, ते त्या रेषेवरून बघत चला.

सुरुवात दक्षिण अमेरिकेपासून करावी. अँडीजची सुमारे 7000 किलोमीटरची रांग पश्चिम किनाऱ्याला धरून उत्तर-दक्षिण उभी आहे, त्यामुळे कारण आणि परिणाम वेगवेगळे ओळखता येतात. पेरूमधलं लिमा आणि ब्राझीलमधलं साल्वाडोर ही दोन्ही शहरं 12 ते 13 अंश दक्षिणेला, समुद्राकाठीच आहेत. साल्वाडोरला वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस पडतो. लिमात वर्षभराचा पाऊस मोजायला बोटाचं एक पेरही जास्त होतं.

या दोन शहरांमधला आडवा छेद काढा, म्हणजे त्या रेषेवर जमीन उभी कापली तर बाजूने तिचे चढउतार कसे दिसतील ते चित्र. अंतर साधारण 4200 किलोमीटर. 1 सेंटिमीटरला 200 किलोमीटर धरलेत तर 21 सेंटिमीटरची रेघ होते, आडव्या ए-फोर कागदावर नीट मावते. उंचीला 1 सेंटिमीटर म्हणजे 2000 मीटर धरा. ॲटलासवर कागदाची पट्टी ठेवून उंचीचा रंग जिथे बदलतो तिथे खुणा करा आणि ती अंतरं आपल्या प्रमाणात आणा. पुष्कळजण खुणा तशाच उतरवतात आणि मग ब्राझील आखडतो. उंची 100 पट ताणली आहे हे चित्राखाली लिहायला विसरू नका.

आता चित्र बघा. डावीकडे समुद्र, त्यापासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर उंचीची भिंत. पलीकडे ॲमेझॉन खोऱ्याचा सखल भाग जवळजवळ सपाट, शेवटी ब्राझीलच्या पठाराचा बुटका उंचवटा.

या चित्रावर वाऱ्याचे बाण काढताना आपली मुलं नेमकी चुकतात. सह्याद्रीची पश्चिम बाजू ओली आणि माण-खटाव कोरडे, हे शाळेपासून इतकं भिनलेलं असतं की अँडीजचाही पश्चिम उतार ती निळा रंगवतात. पण सह्याद्रीवर पाऊस आणणारा वारा नैर्ऋत्येकडून येतो. इथे वाहतात ते आग्नेय व्यापारी वारे, म्हणजे पूर्वेकडून. त्यांचं पाणी अँडीजच्या पूर्व उतारावर पडून जातं. त्यात लिमाच्या किनाऱ्याला लागून हंबोल्ट हा शीत प्रवाह आहे. त्याच्यावरची हवा थंड, त्या थराच्या वर उबदार हवा. खालची हवा वर चढतच नाही. धुकं साचतं, भुरभुर होते, पाऊस मात्र पडत नाही. पर्जन्यछाया (डोंगराआड पाऊस न पोचणं) आणि शीत प्रवाह ही दोन्ही कारणं लिहायची. एकावर थांबलात तर उत्तर अर्धंच राहतं.

इथून पुढची माहिती आपोआप जागेवर बसते. सुमारे एक कोटी लोकांचं लिमा वाळवंटात तगतं ते मुख्यतः अँडीजमधून उतरणाऱ्या रिमाक नदीच्या पाण्यावर. थंड पाणी तळातून पोषक द्रव्यं वर आणतं, म्हणून पेरूची मासेमारी मोठी. एल निनोच्या काळात तिथलं पाणी तापलं की मासे आटतात आणि उत्तर पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावर पूर येतात. दक्षिणेला आटाकामात पाऊस नाही, म्हणून पाण्यात सहज विरघळणारा सोरा तिथे साठून राहिला. त्याच्यावरच्या कराचा वाद पेटला आणि 1879 मध्ये चिलीचं बोलिव्हिया आणि पेरूशी युद्ध जुंपलं. त्यात बोलिव्हियाचा किनारा गेला. ‘बोलिव्हिया भूवेष्टित देश आहे’ हे सुटं वाक्य घोकण्यापेक्षा ही साखळी लक्षात ठेवणं कितीतरी सोपं.

मग 45-46 अंश दक्षिणेला दुसरी रेघ ओढा. डोंगर तोच, पण इथे पश्चिमी वारे वाहतात, म्हणून बाजू उलटतात. चिलीकडे घनदाट जंगल, अर्जेंटिनाकडे पॅटागोनियाची कोरडी, खुरटी जमीन. त्या कोरड्या बाजूच्या कोमोदोरो रिवादाव्हियात 1907 साली पाण्यासाठी छिद्र घेत होते. लागलं खनिज तेल.

हवामानाचे आलेख वाचताना जुलै हा तिथला हिवाळा, हे पेन्सिलीनं वर लिहून ठेवा. आणि क्षेत्रफळाची तुलना मर्केटर प्रक्षेपणावर, म्हणजे ध्रुवांकडचे प्रदेश ताणून दाखवणाऱ्या नकाशावर, कधीच करू नका. त्यात ग्रीनलंड जवळपास दक्षिण अमेरिकेएवढं किंवा त्याहून मोठं भासतं. प्रत्यक्षात दक्षिण अमेरिका त्याच्या आठपट आहे.

दोन्ही छेद जमले की आफ्रिकेचं पान काढा आणि 23 अंश दक्षिणेला रेघ ओढा. वारे पुन्हा आग्नेयेकडूनच, आणि पश्चिम किनाऱ्याला बेंग्वेला हा शीत प्रवाह. त्या किनाऱ्यावर काय असेल ते आधी वहीत लिहा, मगच नैसर्गिक वनस्पतींचा नकाशा उघडा.