आमची वाटचाल: सुतारकामापासून जुनी घरं रिस्टोर करण्यापर्यंत

बाबांचं नागपूरच्या इतवारीत सुतारकामाचं वर्कशॉप होतं, दारं-खिडक्या हाच धंदा. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आल्या तशी सागवानाची ऑर्डर कमी होत गेली आणि आम्ही रिपेअरिंगवर आलो.

दिशा मिळाली ती चंदीगडला. सेक्टर ५ मधलं घर नंबर ५७. चंदीगडचा आराखडा करणारा आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए, त्याचा चुलत भाऊ आणि स्वतःही आर्किटेक्ट असलेला पिएर जानरे चंदीगड उभारताना १९५४ पासून १९६५ पर्यंत तिथंच राहिला, घराचं डिझाईनही त्याचंच, आणि ते रिस्टोर करून २०१७ मध्ये म्युझियम म्हणून उघडलंय. इतका मोठा आर्किटेक्ट, पण घर साध्या वीट-दगडाचं, चकचकीत काहीच नाही, विटांची जाळी अशी की ऊन बाहेरच अडतं अन् हवा आत येते. मला लगेच आपली धरमपेठ, रामदासपेठेतली त्याच काळातली घरं आठवली, खोल छज्जे, सिमेंटच्या जाळ्या, मोझॅकची फरशी, सगळा तोच विचार, आणि इथं लोकं जाळ्या काचेनं बंद करून एसी लावून राहिले होते!

परत आलो ते ठरवूनच, की आता हेच काम करायचं. पहिलं मोठं काम धरमपेठेतल्या एका काकूंच्या घराचं. समोरच्या उघड्या विटांवर ऑइल पेंटचे थरच्या थर. सँडब्लास्टिंग झटपट होतं पण त्यानं विटेची भाजलेली कडक साल निघून जाते अन् मग वीट पाणी पिते, म्हणून आम्ही पेंट रिमूव्हर लावून नायलॉनच्या ब्रशनं हातानंच घासलं. सांध्यात चुन्याचा मसाला भरला, कारण नुसता कडक सिमेंट भरला की ओल सांध्यातून निघत नाही, विटेतच अडकते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. फरशी बदलायची नाही हे मी आधीच सांगून टाकलं होतं. जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत घासत गेलो तसे हिरवे-पिवळे चिप्स वर आले, काकू म्हणाल्या, "अरे, हे तर सासूबाईंनी निवडलेले रंग!"

जाळ्या मोकळ्या केल्या, खिडक्यांना पितळी बिजागऱ्या परत बसवल्या. नागपूरचा मे महिना आहे, कूलर लागतोच, पण कूलरलाही हवा बाहेर जायला वाट लागते आणि ती त्या जाळ्यांनी दिली.

आता बाबांचे जुने कारागीर नवीन पोरांना सागवानाचे सांधे शिकवतात. घर पाडायचा विचार असेल तर त्याआधी एकदा आम्हाला दाखवा, बघायचे पैसे आम्ही घेत नाही.