पाणी प्यायल्यावर आवाज ओला होतो

‘सून सहकार्य करत नाही. रुग्णाला घरी नेण्यास टाळाटाळ.’

केस पेपरवरच्या या दोन ओळी माझ्याच अक्षरात आहेत. खाली तारीख, वेळ आणि माझी सही. रुग्णालयात मी समाजकार्यकर्ती आहे. रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात जिथे काही अडतं तिथे मला बोलावतात. त्या ओळी लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

आजी सत्तरीच्या पुढच्या. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणं तुटक. नवव्या दिवशी रक्तदाब आटोक्यात आला, राउंडला डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. सून म्हणाली, “आत्ता नको.” कारण विचारलं तर धड सांगेना, म्हणून सिस्टरनी मला फोन केला. त्या दिवशी असे सहा डिस्चार्ज माझ्यापुढे होते.

आजींच्या पायथ्याशी उभं राहून आम्ही बोललो. मी विचारलं, “ताई, डॉक्टर सोडतायत. घरी नेणार ना?”

ती म्हणाली, “रात्री यांना उठून उठून बघावं लागतं.”

“ते घरीही करावंच लागेल. नेणार की नाही?”

“पाणी दिलं की थांबावं लागतं. लगेच दुसरा घोट नाही देता येत.”

“मी वेगळं विचारतेय. हो की नाही, एवढंच सांगा.”

ती गप्प झाली. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होती. नजर चुकवतेय, असं मी मनातल्या मनात ठरवलं, टेबलापाशी गेले आणि त्या दोन ओळी लिहिल्या.

परत येऊन पुढचं समजावत होते, तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी आजींच्या तोंडाला पेला लावला. माझं वाक्य अर्ध्यावर सोडून सून तिकडे धावली. मला राग आला, हे लपवत नाही. तिनं पेला हळूच बाजूला घेतला. आजींच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवून मान जराशी खाली वाकवली. चमच्यानं पाणी दिलं. मग काहीच केलं नाही, नुसती थांबली, डोळे आजींच्या गळ्यावर. गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. पुन्हा अर्धवट वर गेली. सून म्हणाली, “आई, आ म्हणा.”

आजी “आ” म्हणाल्या. तोंडात पाणी धरून कुणी बोलावं तसा आवाज आला, आत काहीतरी बुडबुडल्यासारखा.

“ऐकलंत?” ती मला म्हणाली. “पाणी प्यायल्यावर आवाज ओला होतो. ठसका लागतोच असं नाही. पण ओला होतो, आणि मग संध्याकाळी अंग कोमट लागतं.”

निवासी डॉक्टर शेजारच्याच बेडवर होत्या. त्यांनी मान वर केली. “काय म्हणालात? पुन्हा सांगा.”

पक्षाघातानंतर अनेकदा गिळण्याचे स्नायू दुबळे पडतात, अन्नपाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, काहींना तर साधा खोकलाही येत नाही आणि थेट न्यूमोनिया होतो. घोटानंतर आवाज ओला, घरघरता होणं ही त्याचीच खूण. बोलणं आणि गिळणं तपासणाऱ्या आमच्या स्पीच थेरपिस्ट हीच खूण शोधतात आणि तिला ओला आवाजच म्हणतात. त्या दुपारी येऊन तपासून गेल्या. तोंडानं पाणी बंद झालं, नाकातली नळी पुन्हा घातली, डिस्चार्ज रद्द झाला. सून बघत होती ती आजींच्या गळ्याकडे. नऊ दिवस बघत होती. माझ्या खांद्यावरून पलीकडे होता तो आजींचा बेड.

दर महिन्याला मी शिकाऊ परिचारिकांना नैतिक पेचांवर एक तास शिकवते. त्यात हाइन्झ नावाच्या नवऱ्याचा प्रश्न असतोच: बायको मरणाच्या दारात, औषध परवडत नाही, औषधवाला किंमत कमी करत नाही, नवऱ्यानं चोरी करावी की नाही? मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी अशा प्रश्नांवरून माणसाच्या नैतिक वाढीची शिडी मांडली. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी 1982 साली त्याच प्रश्नाला अकरा वर्षांच्या एका मुलीनं, एमीनं, दिलेलं उत्तर समोर ठेवलं. चोरी करू नये, पण बायकोही मरू नये, असं एमी म्हणते. चोरी केली तर तो तुरुंगात जाईल, मग बायको आणखी आजारी पडली तर तिला औषध कोण आणून देणार? त्यापेक्षा बसून बोला, दुसरी वाट काढा, असं तिचं म्हणणं. मुलाखत घेणारा तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहतो आणि एमीचा आत्मविश्वास खचत जातो. गिलिगन यांनी दाखवलं की ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होती. चोरी करावी का, हा तिचा प्रश्नच नव्हता. या प्रसंगात कोण कुणावर विसंबून आहे आणि कुणाचं काय होईल, हे तिला दिसत होतं. कोलबर्गच्या शिडीवर त्याला पायरी नव्हती.

हे मी मुलींना किती जीव तोडून सांगते! त्या सकाळी वॉर्डात तोच मुलाखतकार होऊन मी तीनदा विचारलं, हो की नाही. तिनं दोनदा नेमकं उत्तर दिलं आणि मी ते टाळाटाळ म्हणून नोंदवलं.

घाई होती, हे खरं. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा प्रयोग मी याच तासाला सांगते. धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत निघालेले, वाटेत एका दारात एक माणूस वाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. ज्यांच्याकडे भरपूर वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले, ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यातले 10 टक्के. काहींना भाषण द्यायचं होतं तेच मुळी वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशाच्या बायबलमधल्या दाखल्यावर, तरी त्यानं फारसा फरक पडला नाही. घाईत दयामाया आटते असं मला वाटत नाही. बघण्याचं वर्तुळ आवळतं, आणि जे वर्तुळाबाहेर गेलं त्याच्याविषयी निर्णय घ्यायची वेळच येत नाही.

पण घाईवर सगळं ढकलता येत नाही. त्याच घाईत मला मुलगा मात्र नीट दिसला होता. तो रोज संध्याकाळी वीस मिनिटं यायचा, आईचा हात हातात घेऊन बसायचा. “आईसाठी किती करतो,” असं सिस्टरना मीच म्हणाले होते. सून चोवीस तास तिथे होती आणि तिचं करणं मला दिसत नव्हतं. न दुखणारी पाठ विसरावी तसं आम्ही सुनेचं करणं विसरतो. मुलानं केलं की ते प्रेम, सुनेनं केलं की ते ठरलेलं काम, आणि ठरलेलं काम ती थांबवते तेव्हाच आमची मान वर होते. तिनं “नको” म्हटलं तेव्हा नऊ दिवसांत पहिल्यांदा मी तिच्याकडे पाहिलं, आणि तेही खोट काढायला.

तत्त्वज्ञ आयरिस मर्डॉक यांनी उदाहरणच सासू-सुनेचं घेतलं होतं. सासूला सून गावंढळ, पोरकट वाटते. वागण्यात ती काही दिसू देत नाही. पण एके दिवशी ती स्वतःला म्हणते, माझं मन कलुषित असेल, मला पुन्हा बघू दे. बाहेर काहीच बदलत नाही, सून तीच, वागणं तेच. बदलते ती फक्त सासूची नजर, आणि मर्डॉक यांच्या मते खरं नैतिक काम तिथेच झालेलं असतं. आमच्या वॉर्डातली सासू सुनेचं बोट घट्ट धरून झोपली होती. त्या गोष्टीतल्या सासूच्या जागी मी उभी होते.

संध्याकाळी जिन्यापाशी ती भेटली. मी माफी मागितली. म्हटलं, “तुम्ही जे टिपलं ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. तसं केस पेपरवर लिहिते.”

ती कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली, “मॅडम, मी दमलेय हे पण खरं आहे. नऊ रात्री झोपले नाहीये. घरी नेलं की मी एकटीच. ते पण लिहा.”

यानं मी जास्त हलले. ओल्या आवाजाची गोष्ट ऐकून सगळा वॉर्ड तिचं कौतुक करत होता, मीही. तिचं बरोबर निघालं म्हणून आम्हाला ती दिसली. आजींचा आवाज कोरडा असता, गळा ठणठणीत असता, तर? ती नुसतीच दमलेली असती तर तिच्या “नको”ला काही वजन राहिलं असतं का? बाईनं आधी अचूक निदान करून दाखवायचं आणि मग आम्ही तिच्या थकव्यावर विश्वास ठेवायचा, ही अट कुणी घातली? तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी 2007 मध्ये या अन्यायाला नाव दिलं: बोलणारी व्यक्ती कोण आहे एवढ्यावरून तिच्या शब्दाची किंमत कमी धरणं, साक्षीचा अन्याय. मला तो पाठ होता. पण मी तो कोर्टात, चौकीत शोधत असे. बेडच्या पायथ्याशी, माझ्या पेनात शोधला नव्हता.

केस पेपरवर खाडाखोड चालत नाही. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. मी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘सुनेनं गिळण्याची तक्रार वेळेत लक्षात आणून दिली. सून नऊ रात्री जागी आहे. घरी दुसरा काळजीवाहक तयार केल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नये. मुलाला प्रशिक्षण द्यावे.’

सिस्टरनी वाचून विचारलं, “मुलाला?”

“हो, मुलाला.”

अकरा दिवसांनी नळी निघाली आणि थेरपिस्टनी घट्ट केलेलं पाणी चमच्यानं द्यायला परवानगी दिली. त्या सकाळी मुलगा सुट्टी काढून आला. पहिला चमचा त्यानं नीट दिला. दुसरा भरून लगेच तोंडाशी नेला.

भिंतीशी स्टुलावर बसलेली सून जागची हलली नाही. डोळे मिटलेलेच होते तिचे.

“थांबा,” ती म्हणाली. “आधी आवाज ऐका.”