आमची वाटचाल: पेन्सिलच्या रेघा आणि 140 लीड्स

2016 ला नागपुरात, सीताबर्डीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि माझा पार्टनर, दोघांनी ऑनलाइन जाहिरातींचं काम सुरू केलं. एक सेकंडहँड लॅपटॉप, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि पहिला क्लायंट इतवारीतले साडीवाले काका. मधल्या पाच-सहा वर्षांचं काही सांगत नाही, काम होतं, पगार वेळेवर होत होते, झालं.

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं आणि पार्टनरच्या डोक्यात हवा गेली. 2023 मध्ये तो सहा क्लायंट घेऊन निघाला, वर्धा रोडवर काचेचं ऑफिस टाकलं, रेट आमच्या अर्धा. आता भाषणं देत फिरून राहिला एआयवर, पण कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर जे शब्द टाकून शोधतात ते, काय असतात हे माझ्या त्या लॅपटॉपवर शिकला हे कुठल्याच भाषणात येत नाही. असो.

आम्हीही घाबरून तेच केलं, खोटं कशाला बोलू. मनीष नगर, नंदनवन, सक्करदरा, एरिया बदलायचा आणि बाकी मजकूर तोच, अशी वेबसाइटची 300 पानं एआय टूलकडून लिहून घेतली. मार्च 2024 ला गूगलने असा ढिगाने काढलेला माल स्पॅम धरायची पॉलिसी आणली आणि पानं सर्चमधून गायब. चूक आमचीच. त्यानंतरचे दोन महिने पगार एफडी मोडून दिले.

त्यातच काकांचं प्रकरण. त्यांची जाहिरात गूगलच्या परफॉर्मन्स मॅक्सवर टाकली होती, म्हणजे बोली किती लावायची, जाहिरात कुठे दाखवायची, सगळं मशीनच ठरवते. डॅशबोर्डवर महिन्याला 140 लीड, म्हणजे चौकशी करणारी गिऱ्हाईकं, सगळं हिरवंगार. मी प्रिंट घेऊन ऐटीत दुकानात गेलो. काकांनी गल्ल्यामागचं कॅलेंडर काढलं, मागच्या बाजूला पेन्सिलच्या रेघा, आलेल्या प्रत्येक फोनला एक. अकरा.

"तुझ्या कॉम्प्युटरवर 140 दिसून राहिले, मग माझा फोन काऊन नाही वाजला?"

कारण शोधायला आठवडा गेला. जाहिरातीतलं कॉलचं बटण दाबलं की कन्व्हर्जन, म्हणजे काम झालं असं धरायचं, हे आम्हीच सेट केलं होतं, मग मशीनने बटण दाबणारे आणले, गेम खेळताना चुकून अंगठा लागणारी पोरं धरून! वर लोकेशनची सेटिंग डिफॉल्टवर, म्हणजे नागपुरात राहणारेच नाही तर नागपुरात रस असणारेही त्यात, पैसा बाहेरगावी चालला होता. मग लोकेशन फक्त इथल्या लोकांपुरतं केलं, बटण काढून नाव-नंबरचा छोटा फॉर्म लावला, आणि दर शनिवारी काकांच्या वहीतून ज्यांनी खरंच साडी घेतली त्यांचे नंबर जुळवून परत गूगलमध्ये अपलोड करायला लागलो. मशीनला गिऱ्हाईक कोण हे तेव्हा कळलं. लीड 140 वरून 30 वर आले, पण काकांच्या रेघा वाढल्या.

टूल आम्ही आजही रोज वापरतो, पण मराठीत सोडलं की ते "आमच्या उत्कृष्ट साड्यांच्या संग्रहाचा शोध घ्या" लिहून देते. इतवारीत असं कोण बोलते? काका म्हणतात, "पदर पाहा आधी." तीच ओळ जाहिरातीत चालली. तान्ह्या पोळ्याचं चित्र मागितलं तर चाकांच्या लाकडी बैलाऐवजी खरा बैल, आणि वर पोळा लिहिलं त्यातला ळ कोणत्या भाषेतला ते माहीत नाही. तेव्हापासून अक्षरं आम्ही स्वतः टाकतो. नवीन पोरांनो, प्रॉम्प्टचे कोर्स नंतर करा, आधी आठ दिवस क्लायंटच्या गल्ल्याजवळ बसा. कोणी विचारलं नाही, तरी सांगून राहिलो.

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या पार्टनरकडून काकांना फुकट ऑडिटची पीडीएफ आली, एआयने बनवलेली, चकाचक. काकांनी ती मला व्हॉट्सॅपवर पाठवली. पहिल्याच पानावर दुकानाचा पत्ता होता, रविवारी बाजार, नागपूर. खाली काकांचा मेसेज, "हे इतवारीचं मराठी केलं का रे त्यांनी?"