लाकडी घाणा टाकताना: जागा, कागद आणि दाण्याचं भांडवल

घाणा टाकायचा म्हटलं की माणूस आधी यंत्रवाल्याकडे जातो. खरं तर यंत्र हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. पैसे भरले की महिन्याभरात टेम्पो दारात उभा राहतो. अवघड आहे ते दुसरंच: कोणतं काम कशाच्या आधी करायचं हा क्रम, आणि हंगामात दाणा भरून ठेवायला लागणारी रोख. मी 2023 मध्ये लातूर जिल्ह्यात शेंगदाणा आणि करडईसाठी एक घाणा सुरू केला. पुढचे दर आणि नियम त्या वेळचे आहेत, अर्ज करण्याआधी आजचे बघून घ्यावेत.

सुरुवात जागेपासून, आणि जागेत पहिली गोष्ट वीज. शेतातल्या शेडमध्ये घाणा टाकायचा विचार पुष्कळांच्या मनात असतो, कारण भाडं लागत नाही. पण शेतीच्या फीडरवर, म्हणजे फक्त शेतीपंपांसाठीच्या वीजवाहिनीवर, थ्री फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री, पाळीपाळीनं येते. गिऱ्हाईक दुपारी येणार आणि वीज रात्री, असा मेळ बसत नाही. जागा गावठाण फीडरवरच, म्हणजे गावातल्या घरांच्या वाहिनीवरच हवी. रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) आधीच किती भार आहे हे लाइनमनला विचारून घ्यावं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की भरल्या घाण्यावर मोटार घुरघुरते आणि वाइंडिंग जळतं. एका वेळी 15 किलो दाणा घेणाऱ्या घाण्याला 3 एचपीची मोटार पुरते. सिंगल फेजची मोटारही मिळते, पण सुरू होताना ती फार करंट ओढते. मी थ्री फेजच घेतली. जोडणीसाठी जागेचा नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा) उतारा किंवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. जोडणी औद्योगिक दराची मागावी, व्यापारी दर महाग पडतो.

जागा भाड्याची असेल तर अकरा महिन्यांचा करार बँकेत चालत नाही. कर्जाची मुदत पाच वर्षांची, तर करार निदान तेवढा, शिवाय दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला. मालकाला यासाठी तयार करणं हेच कित्येकदा सगळ्यात लांबणारं काम ठरतं, म्हणून ते सगळ्यात आधी हाती घ्यावं.

कागदात पहिलं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद. ती आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत आहे. सेवा केंद्रवाले हजार-पाचशे घेतात ते निव्वळ टंकलेखनाचे. उद्योगाचा कोड मात्र नीट निवडावा: वनस्पती तेलासाठी 10402. घाईत पिठाच्या गिरणीचा किंवा किरकोळ विक्रीचा कोड पडला, तर पुढे बँक प्रकल्प अहवाल आणि उद्यम प्रमाणपत्र शेजारी ठेवते तेव्हा फाइल परत येते.

कर्जासाठी मी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून अर्ज केला. आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो. तेव्हा प्रकल्पाच्या पात्र खर्चाच्या 35 टक्के अनुदान होतं, कमाल 10 लाख. स्वतःचे किमान 10 टक्के. म्हणजे प्रकल्प 5 लाखांचा असेल तर आपले 50 हजार, बँकेचे साडेचार लाख, आणि पुढे त्या कर्जात वळतं होणारं अनुदान 1 लाख 75 हजार. ही अनुदानाची रक्कम हातात येत नाही. ती बँकेत कर्जखात्याशी जोडून ठेवली जाते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षं उद्योग चालू राहिला व खातं थकलं नाही तर कर्जात वळती होते. हप्ता मात्र पहिल्या दिवसापासून आपला. योजनेसाठी नेमलेले मदतनीस, म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्ती, अर्ज आणि प्रकल्प अहवाल करून देतात. त्यांचं मानधन सरकार देतं, अर्जदारानं काही द्यायचं नसतं.

या योजनेत दोन खाचा आहेत. एक, कर्ज मंजूर होण्याआधी यंत्र विकत घेऊ नये. ते अनुदानात धरलं जात नाही. बँक पैसे थेट यंत्र विकणाऱ्याच्या खात्यात टाकते, आपण फक्त जीएसटी क्रमांक असलेलं कोटेशन द्यायचं. दुसरी खाच मोठी: अनुदान यंत्रावर आणि मर्यादेत बांधकामावर मिळतं, खेळत्या भांडवलावर, म्हणजे दाणा भरायला लागणाऱ्या रोकडीवर नाही. आणि घाण्याच्या धंद्यात पैसा अडकतो तो नेमका तिथंच.

हिशेब असा. माझा घाणा मोटार-गिअरबॉक्ससह 2 लाखांच्या आसपास बसला. दिवसाला 15 किलोचे दोन घान (एका वेळी घाण्यात घातलेला दाणा म्हणजे एक घान) धरले तर महिन्याच्या 25 दिवसांत 750 किलो दाणा लागतो. उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये बाजारात येतो, खरिपाचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात भाव चढतो आणि मालही जुना मिळतो. चार महिन्यांचा साठा करायचा तर तीन टन दाणा, किलोला 120 रुपये धरले तर 3 लाख 60 हजार. यंत्रापेक्षा दीडपटीहून जास्त रक्कम, आणि त्यावर अनुदान शून्य. म्हणून बँकेत मुदत कर्जाबरोबरच कॅश क्रेडिटची, म्हणजे माल भरायला लागेल तसे पैसे उचलून परत भरायच्या कर्जाची, मर्यादा मागावी. वेगळा अर्ज नंतर केला तर बँक आधी वर्षभराची उलाढाल दाखवा म्हणते.

साठा शेंगेचा करावा, दाण्याचा नको. टरफल हीच दाण्याची सगळ्यात चांगली पिशवी. फोडलेल्या दाण्याला भुंगा लवकर लागतो आणि तो खवटही लवकर होतो. 100 किलो वाळलेल्या शेंगेतून 65 ते 70 किलो दाणा निघतो. पोती भिंतीपासून दीड फूट लांब, खाली लाकडी फळ्या. ओलावा बघायला यंत्र नसेल तर दाणा दाताखाली घ्यावा. कट्कन तुटला आणि चोळल्यावर साल सुटली तर वाळलाय. दबला तर ऊन द्यायचं. ओल्या शेंगेवर बुरशी येते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष. काळा, चिमलेला, पिवळसर डाग पडलेला दाणा हातानं निवडून काढण्याला पर्याय नाही. निवडायला एक बाई रोजानं ठेवणं परवडतं, आख्ख्या टाकीला कडवट वास लागणं परवडत नाही.

नवा घाणा आला की लगेच विक्रीचं तेल काढायचं नसतं. उखळ आणि लाट (उखळात फिरून दाणा चिरडणारा लाकडी दांडा) बाभळीची असो की शिरीषाची, नवं लाकूड तेल पितं. पहिले काही घान स्वस्त दाण्याचे घालावेत. त्या तेलात लाकडाचा भुसा आणि रंग उतरतो, ते लाकडाला आतून-बाहेरून चोळायला वापरावं. लाकूड तेलानं भरलं की उतारा, म्हणजे दाण्यामागे निघणारं तेल, स्थिर होतो. पुढे घाणा चार दिवस बंद राहणार असेल तरी आतून तेलाचा हात फिरवून ठेवावा, नाहीतर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात. भेगेत अडकलेली पेंड खवट होते आणि तो वास पुढच्या प्रत्येक घानात उतरतो. रोज संध्याकाळी कोरडं खरवडून काढायचं. पाण्यानं धुवायचं नाही.

आता तेल काढणं. लाट मिनिटाला 12 ते 15 फेरे घेते. 15 किलोच्या घानाला पाऊण ते एक तास लागतो. दाणे भरडले जाऊन पीठ झालं की थोडं पाणी शिंपडायचं, 15 किलोला 200 ते 300 मिली, एकदम नव्हे, दोन-तीन वेळा. दाण्यातली प्रथिनं पाणी धरतात, त्यांचा गोळा बांधला जातो आणि त्यातून तेल बाहेर ढकललं जातं. पाणी कमी पडलं तर पीठ भुकटीसारखं उडत राहतं, तेल सुटत नाही. जास्त झालं तर कणकेसारखा चिकट लगदा होतो, तेल त्यातच अडकतं आणि वर आलेलं तेलही ओलसर राहतं. पावसाळ्यात पाणी निम्म्यावर येतं. हे माप कागदावरून जमत नाही, पेंड मुठीत दाबून बघतच शिकावं लागतं.

उतारा 10 किलो चांगल्या दाण्याला साधारण 4.2 लिटर. कुणी 5 लिटर निघतं म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नये. दाण्यात तेल 48 टक्क्यांच्या आसपास असतं आणि लाकडी घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांवर तेल मागे राहतंच. करडईत तेल 28 ते 30 टक्के, त्यामुळे लिटरला सव्वाचार किलोच्या आसपास बी लागतं. टरफल कठीण असल्यानं वेळही जास्त जातो आणि लाट जास्त झिजते. करडईचं तेल शेंगदाण्यापेक्षा लवकर खवट होतं, म्हणून ते मागणीपुरतंच काढतो.

निघालेलं तेल लगेच बाटलीत भरणं ही घाईची चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. स्टीलच्या झाकणाच्या टाकीत तीन-चार दिवस निवळू द्यायचं, गाळ खाली बसला की तोटीतून वरचं काढायचं आणि जाड कापडातून गाळायचं. तोटी टाकीच्या बुडापासून तीन इंच वर हवी. विकत मिळणाऱ्या टाक्यांना ती अगदी तळाशी असते, ती बदलून घ्यावी. गाळ किंवा पाण्याचा अंश राहिला तर तळताना फेस येतो, आणि ‘तेलात भेसळ आहे’ ही पहिली तक्रार तिथून सुरू होते. दुसरी तक्रार डिसेंबरात: शेंगदाण्याचं तेल थंडीत गढूळ, घट्ट होतं. तो तेलाचा स्वभाव आहे, उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ होतं. हे बाटलीबरोबरच सांगून टाकलं की फोन कमी येतात.

विक्रीचे परवाने. 2023 मध्ये वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरत होती, वर्षाला 100 रुपये. त्यावर राज्य परवाना, दिवसाला एक टनाखालच्या उत्पादकाला वर्षाला 3000. दोन घानांचं रोज साडेबारा लिटर तेल, 320 रुपयांनी विकलं तर वर्षाच्या तीनशे दिवसांत तेलाचीच उलाढाल 12 लाखांना टेकते, पेंड वेगळी. म्हणून मी सुरुवातीलाच परवाना काढला. जीएसटीची मर्यादा मालासाठी 40 लाख, त्यामुळे ती नोंदणी लागली नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा तर मात्र लागतेच.

खाद्यतेल सुटं विकायला मनाई आहे. गिऱ्हाईक किटली घेऊन येतं, तरी बंद बाटली किंवा लेबल लावलेला डबाच द्यायचा. लेबलवर 14 अंकी परवाना क्रमांक, हिरवी खूण, घटक, बॅच क्रमांक, तारीख, वापराची मुदत, शेंगदाण्याची ॲलर्जी सूचना, सर्व करांसह किंमत, एकक किंमत, पत्ता आणि तक्रारीचा संपर्क. प्रमाण लिटर आणि वजन दोन्हींत लिहायचं. शेंगदाण्याचं 1 लिटर तेल 910 ग्रॅम भरतं. बाटली मापानं नव्हे, काट्यावर भरली की चूक होत नाही. पॅकिंग करणाऱ्यानं वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाकडे नोंदणी करायची असते आणि काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्यायचा असतो. ‘कोलेस्टेरॉल घटवणारं’, ‘हृदयाला हितकर’ असे शब्द तेलाच्या लेबलवर चालत नाहीत. छपाईवाले हौसेनं हृदयाचं चित्र टाकून देतात, प्रूफ बघताना ते काढायला लावावं.

आता भाव. 10 किलो दाणा 1200 रुपये, 5.8 किलो पेंड 45 रुपयांनी 261. उरले 939, भागिले 4.2 म्हणजे लिटरला जवळपास 224. बाटली-लेबल 18, वीज 5, मजुरी-भाडं 30. एकूण 277. दुकानदाराला 320 वर दहा टक्के दिले की हातात 11 रुपये उरतात, त्यात हप्ता बसत नाही. घाण्यावरूनच थेट विक्री होणार नसेल तर हे गणित जुळत नाही, आणि म्हणूनच जागा रस्त्याला हवी. रोकड कमी असलेल्याला माझं सांगणं, पहिलं वर्ष मजुरीनं गाळून देण्यावर भर द्यावा. शेतकरी स्वतःचा दाणा आणतो, किलोमागे मजुरी देतो, तेल घेऊन जातो; भांडवल त्याचं, घाणा आपला. फक्त किमान एक घान भरेल एवढा माल हवा, आणि पेंड कुणाची हे काम सुरू करण्याआधीच बोलून घ्यावं. वाद होतो तो नेहमी पेंडीवरून.

पेंडीला जोडधंदा समजून दुर्लक्ष करू नये, वर दिसतंय की दाण्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा तिथून परत येतो. लाकडी घाण्याच्या पेंडीत तेल जास्त असल्यानं जनावरं आवडीनं खातात, पण त्याच तेलामुळे ती लवकर बिघडते. दाण्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर त्यातलं बहुतांश पेंडीत राहतं आणि गाई-म्हशींमार्फत दुधात उतरतं. डेअरीला दूध घालणारा शेतकरी एकदा पोळला की परत येत नाही. पेंड गरम असताना पोत्यात भरायची नाही, पसरून पूर्ण गार करायची. जुलै-ऑगस्टमध्ये मी पंधरा दिवसांपेक्षा जुनी पेंड ठेवत नाही. उचल थांबली तर घान कमी घालतो.