प्रशिक्षणाआधीची तयारी : दम वाढला, आता नडग्यांची पाळी

भरतीनंतरच्या प्रशिक्षणासाठी मी शरीर तयार करतोय. मागच्या नोंदीत मुख्य प्रश्न दमाचा होता. तो बऱ्यापैकी सुटलाय. सावकाश पळताना आता सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतात, आणि आठवड्यातलं बहुतेक पळणं मी त्याच वेगाने करतो. जोराचं पळणं आठवड्यातून एकदाच : 400 मीटर वेगात, श्वास जागेवर येईपर्यंत चालणं, पुन्हा 400. प्रगती मोजायला कूपर टेस्ट. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये मांडलेली ही चाचणी अगदी साधी आहे : 12 मिनिटांत जमेल तितकं अंतर कापायचं. या वेळी जवळजवळ अर्धी फेरी जास्त झाली. फार आनंद झाला!

पण आज लिहायचंय ते हाडांबद्दल. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट दोर) मात्र महिनोन्‌महिने मागे राहतात. हाडावर नवा ताण पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. पोखरणं लवकर उरकतं, भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. मधल्या काळात ते हाड उलट थोडं कच्चं असतं. नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, अंगात हुरूप असतो आणि अंतर एकदम वाढवलं जातं. नव्या भरतीतल्या मुलामुलींच्या नडगीला किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडे जाण्याचं हे एक मोठं कारण. हे दुखणं जुनं आहे. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी 1855 मध्ये सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली होती. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता, त्यामुळे आत हाड तडकलंय हे दिसण्याची सोयच नव्हती.

म्हणून माझं वेळापत्रक मी छातीच्या भात्यावर नाही, नडग्यांवर बेतलंय. अंतर, वेग आणि वजन यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. दर चौथा आठवडा हलका. तो हलका आठवडा मला जिवावर येतो, पण तो सोडत नाही.

दुखण्याचा फरक सगळ्यांनी ओळखायला शिकावं. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेला ठणका, जो अंग गरम झालं की कमी होतो, तो बहुधा अतिताणाचा इशारा असतो. अंतर कमी करायचं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, पळताना वाढत जात असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पळणं बंद आणि सरळ डॉक्टर. इथे जिद्द दाखवू नका, कळकळीने सांगतोय.

पाठीवर वजन घेऊन चालणं याच महिन्यात सुरू केलं. शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी वजन, आठवड्यातून एक दिवस, आणि फक्त चालणं. वजन घेऊन पळायची घाई मला अजिबात पटत नाही. जड वस्तू बॅगेत वरच्या बाजूला, पाठीला चिकटून आणि हलणार नाही अशी ठेवली की खांदे कमी ओढले जातात. पायमोजे ओले झाले की मी थांबून बदलतो, कारण ओली कातडी घासली की फोड लवकर येतात.

पुलअप अजून रखडलेत. सध्या उडी मारून हनुवटी दांड्यावर न्यायची आणि जमेल तितकं सावकाश खाली यायचं, एवढंच करतो. पकड मात्र जाणवण्याइतकी घट्ट झालीय.

पुढच्या टप्प्यात वजन तेच ठेवून अंतर वाढवणार आहे, तेही प्रशिक्षणात लागतील तसल्या उंच बुटांत. ज्यांचं प्रशिक्षण सुरू झालंय त्यांनी नव्या बुटांत पाय नेमके कुठे सोलले ते जरूर लिहा. त्या जागांना मी आधीच टेप लावून पाहीन.