भिजत पातेलं

दूध उतू गेलं की ओट्यावर बोभाटा होतो. लागलेलं दूध मात्र चोरपावलांनी लागतं. वर साय धरलेली, कडेने जेमतेम बुडबुडे, आणि खाली बुडाशी तपकिरी थर बसत चाललेला. आधी वास येतो, मग चौकशी बसते. गॅस मोठा कोणी ठेवला, बारीक करायला कोणाला सांगितलं होतं, आणि 'दोनच मिनिटं फोनवर होते' यातली दोन मिनिटं नेमकी किती. दूध गाळून दुसऱ्या भांड्यात जातं, त्याचा चहा सगळे नाक मुरडत पितात. पातेलं सिंकमध्ये पडतं.

थोडंसं लागलेलं असलं तर गोष्ट वेगळी. ती खरवड उलथन्याने काढून, वर साखर भुरभुरून खाण्यावरून आमच्या घरात भांडणं व्हायची. इथे बोलतेय ते काळ्याकुट्ट झालेल्या पातेल्याबद्दल.

दोष सगळा फोनचा नसतो, थोडा स्टीलचाही असतो. करपलेला भाग नीट पाहिला तर तो बहुतेकदा कड्यासारखा गोल दिसतो, बर्नरच्या मापाचा. स्टीलमधून उष्णता पसरायला फार वेळ लागतो. तांबं तिला साधारण पंचवीसपट सहज वाहून नेतं. त्यामुळे पातळ बुडाच्या पातेल्यात ज्योत जिथे लागते तिथेच धग साचून राहते, आणि दुधातली प्रथिनं तापून खाली बसायला लागली की पहिला बळी त्याच कड्यावर जातो. तांब्याच्या बुडाची भांडी आली, पुढे दोन स्टीलच्या मध्ये ॲल्युमिनियमची चकती घातलेली जाड बुडाची आली, ती याच कारणाने. तोवर पातेलं विसळून तसंच ओलं ठेवायचं आणि त्यात दूध ओतायचं, ही सगळ्या आयांची युक्ती. तिने बरंच निभावतं. गॅस मोठा असला तर नाही.

करपलंच तर उपाय अगदी आळशी आहे. डाग बुडेल इतकं पाणी, त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा, दहाएक मिनिटं मंद उकळी, मग गॅस बंद करून रात्रभर विसरून जायचं. सोडा उकळला की त्यातला वायू निघून जातो आणि तो हळूहळू धुण्याच्या सोड्याच्या वळणावर जातो, म्हणजे जास्त तिखट होतो. जळलेली प्रथिनं आणि स्निग्धांश त्याने सैल पडतात. सकाळी पाणी चहासारखं तांबूस झालेलं असतं आणि कडेला पापुद्रा सुटलेला असतो. त्याखाली लाकडी उलथनं सरकवलं की पापडाएवढा तुकडा सबंध उचलून येतो. हे सुख भांडी न घासणाऱ्याला कळणार नाही. (ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये हा प्रयोग करू नये, तो उलट काळा पडतो. त्याला चिंच किंवा लिंबाची फोड.)

हल्ली सोड्यावर व्हिनेगर ओतायची टूम आहे. फसफसतं छान, व्हिडिओत तर फारच. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं जवळपास मिठासारखं पाणी. व्हिनेगर किंवा लिंबू वेगळं वापरावं. बोअरच्या पाण्याने पडलेले पांढरे ठिपके त्याने जातात, आणि रिकामी कढई तापत राहिल्यावर येते ती निळी-जांभळी झाकही जाते. ती झाक म्हणजे डागच नव्हे. स्टीलमधल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरलेला असतो. तापून तो थोडा जाड झाला की पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग दाखवतो. याच पापुद्र्यामुळे स्टील गंजत नाही. 1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून धातू शोधताना क्रोमियमचं पोलाद बनवलं आणि ते शेवटी आपल्या मांडणीवर येऊन बसलं. ओरखडा पडला तर पापुद्रा आपला आपण पुन्हा धरतो. पितळेला कल्हईवाल्याची वाट पाहावी लागायची, स्टीलला कोणाची गरज नाही.

ओरखडा मात्र राहतो. आणि इथे माझा आणि मावशींचा मतभेद आहे.

मावशी तारेच्या घासणीच्या माणूस. सिंकमध्ये पाणी घालून ठेवलेलं पातेलं दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. "ताई, हे भिजत घोंगडं कशाला? द्या इकडे." आणि खरंच, बघता बघता त्या ते लख्ख करून पालथं घालतात. आत उजेडाला धरलं तर बारीक बारीक रेघांचं जाळं दिसतं. त्या रेघांत पुढच्या खेपेचं दूध आणखी घट्ट धरून बसतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "मग पुढच्या खेपेला गॅस बारीक ठेवा," म्हणाल्या. याला काय उत्तर द्यायचं? त्यांना पुढे अजून घरं असतात. रात्रभर थांबणं मला परवडतं, कारण माझ्या घरी दुसरं पातेलं आहे आणि माझ्या कामाचे पैसे भांड्यांच्या संख्येवर ठरत नाहीत. सगळे सल्ले 'भिजत ठेवा' म्हणतात, पण ते भांडं दुसऱ्या दिवशी कोणाच्या वाट्याला येतं हे त्यांत नसतं.

शेवटी तह झाला. करपलेलं भांडं मोरीत टाकायचंच नाही, ते माझ्याकडे. सोडा माझा, रात्र माझी, उलथनं माझं. सुटून आलेलं पातेलं मग मावशींकडे, काथ्याने आणि साबणाने. 'सप्रेम भेट' कोरलेल्या ठिपक्यांतली काळी रेघ जुन्या टूथब्रशने काढायची, तेही माझ्याकडे. तार फक्त तव्याला.

बाहेरच्या बुडाचा प्रश्न आम्ही दोघींनी सोडून दिलाय. तिथे तेलाचे ओघळ तापून तापून चिवट, पिवळट-तपकिरी झालेत. सोड्याचा लेप लावला तर थोडे उतरतात, उरलेल्यांसाठी खांदा दुखेपर्यंत घासावं लागतं. दुधाला त्यांची काही अडचण होत नाही. पाहुण्यांना झाली, तर काथ्या मोरीत खिळ्याला टांगलेला असतो.